दाराबाहेरचा बर्न-ई

मोठ्या चित्रपटाच्या पोटातून एखादा छोटा विनोदी चित्रपट काढण्याची पिक्सारची रीत जुनी आहे. 'मॉन्स्टर्स, इंक.'नंतर २००२ साली 'माइक्स न्यू कार' आला, 'द इन्क्रेडिबल्स'नंतर २००५ साली 'जॅक-जॅक अटॅक'. असे लघुपट बहुधा मूळ चित्रपटाच्या डीव्हीडीबरोबर मिळत, आणि चहाच्या पुड्याबरोबर फुकट आलेल्या चमच्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो तिच्यापेक्षा फारशी वेगळी नजर त्यांच्या वाट्याला येत नसे. २००८ सालचा 'बर्न-ई' हाही असाच 'वॉल-ई'च्या डीव्हीडीबरोबर आलेला, जेमतेम आठ मिनिटांचा लघुपट. आम्ही मात्र मूळ चित्रपटापेक्षा तोच अधिक वेळा पाहिला आहे, आणि दर वेळी हसून झाल्यावर काहीतरी टोचत राहिले आहे. ते काय, हे येथे मांडून पाहतो.

अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शित 'वॉल-ई'मध्ये बर्न-ई अगदी क्षणभर दिसतो. वॉल-ई आणि ईव्ह अवकाशात एकमेकांभोवती गिरक्या घेतात. त्या चित्रपटातला हा बहुधा सर्वांत हळुवार प्रसंग. गिरक्या संपवून ती दोघे 'अ‍ॅक्सिअम' या महाकाय जहाजाच्या उघड्या दारातून आत शिरतात, दार बंद होते आणि वेल्डिंग करणारा एक यंत्रमानव बाहेरच अडकतो. तो दारावर धडका देतो, आपण हसतो, कथा पुढे जाते. अँगस मॅक्लेन यांनी आपल्या लघुपटात कथेला पुढे जाऊ दिले आहे आणि कॅमेरा दाराबाहेर ठेवला आहे.

बर्न-ईचे काम एवढेच की जहाजाच्या बाहेरील अंगावरचा एक दिवा बदलायचा. तो दिवा का फुटला? ईव्हला घेऊन निघालेल्या यानाला लटकून जाताना वॉल-ई वाटेतल्या कड्यांमधील चमचमत्या कणांत हात बुडवतो. मूळ चित्रपटात हा क्षण निव्वळ विस्मयाचा आहे. जन्मभर कचऱ्यात वावरलेला एक जीव प्रथमच विश्वाला स्पर्श करतो आहे. लघुपटात त्याच स्पर्शाने एक दगड सुटतो आणि थेट दिव्यावर येऊन आदळतो. नवा दिवा लावताना बर्न-ईचे लक्ष एकदा वॉल-ईच्या आगमनाने विचलित होते, एकदा अवकाशातल्या स्फोटाने. दोन्ही खेपांना दिवा वाया जातो. भांडारातला सप्लाय-आर अधिकाधिक त्रासिक मुद्रेने नवा दिवा काढून देतो. तिसरा दिवा नीट बसतो, तेव्हा ते प्रेमी युगुल येते आणि दार लागते.

गौण पात्राला मध्यभागी आणणे साहित्याच्या विद्यार्थ्यास नवे नाही. रवींद्रनाथांनी 'काव्येर उपेक्षिता' या निबंधात ऊर्मिलेकडे लक्ष वेधले. टॉम स्टॉपर्ड यांनी 'हॅम्लेट'मधल्या रोझेनक्रँट्झ आणि गिल्डेनस्टर्न यांच्यावर आख्खे नाटक रचले, ते १९६६ साली एडिंबरामध्ये प्रथम रंगमंचावर आले. पण ऊर्मिलेला निदान करुणा लाभली आणि त्या दोघा दरबाऱ्यांना भरपूर शब्द. बर्न-ईला यांपैकी काहीच मिळत नाही. त्याला बोलता येत नाही, त्याच्यावर कोणी अन्यायही केलेला नाही. वॉल-ईला तर त्याचे अस्तित्वही ठाऊक नसावे. खलनायक असता तर आपण त्याच्यावर रागावून मोकळे झालो असतो. येथे सारेच निरागस आहेत, आणि तरीही कोणाच्या तरी आनंदाचा हिशेब दुसऱ्याच्या अंगावर पडतो.

त्यातही खरी गोम अशी की, वॉल-ई हा स्वतःच श्रमिक आहे. कचरा दाबून त्याचे ठोकळे रचणे हे त्याचे नेमून दिलेले काम. ते सोडून तो प्रेमामागे निघाला, म्हणूनच तो नायक झाला. बर्न-ई मात्र रुळावरून चालतो आणि रुळावर परततो. एका कामगाराची सुटका दुसऱ्याचे काम वाढवते, ही गोष्ट मूळ चित्रपटाने सांगितली असती तर त्याचा तोल गेला असता. ती सांगायला हा आठ मिनिटांचा प्रहसनवजा तुकडाच हवा होता.

महाविद्यालयात असताना आम्ही एकांकिकांची प्रकाशयोजना सांभाळत असू. विंगेत डिमरपाशी बसून नाटक पाहणाऱ्याला जे नाटक दिसते ते प्रेक्षागृहातल्या नाटकाहून फार वेगळे असते. आमच्या नायकाला ऐन स्वगतात स्फूर्ती येई आणि तालमीत ठरलेली जागा सोडून तो दोन पावले पुढे, म्हणजे नेमका अंधारात जाई. मग आमची धावपळ. परीक्षक दुसऱ्या दिवशी त्याच्या उत्स्फूर्ततेचे कौतुक करीत, आणि ते कौतुक खोटेही नसे. पुढे साहित्य शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, आपण सर्व कलाकृती प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरूनच शिकवतो. विंगेतली बाजू अभ्यासक्रमात नसते.

म्हणून अलीकडे वर्गात आम्ही हे दोन्ही प्रसंग लागोपाठ दाखवले. मुले खदखदून हसली. मग एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग मूळ प्रसंग आता सुंदर मानायचा की नाही?" आम्ही म्हणालो, मानायचा. तो दगड दिसल्यामुळे त्या स्पर्शाचे सौंदर्य रद्द होत नाही. फक्त ते फुकट नव्हते, एवढे आता आपल्याला कळते. तिचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झालेले नाही.

या लघुपटाचा शेवट मात्र आम्हांला फार मोलाचा वाटतो. कप्तान झुंजतो, जहाज कलंडते, मानवजात शतकांनंतर पृथ्वीवर परतते. हे सगळे बर्न-ईच्या खटपटीच्या मागे, पडद्याच्या कडेला घडत राहते. आणि इतक्या यातायातीनंतर तो दिवा पुन्हा एकदा फुटतो. त्या क्षणी वर्गातून हसण्याच्या आधी "अरेरे!" असा उद्गार उमटला. पृथ्वीचे पुनरुज्जीवन समोर चालले होते आणि चाळीस मुले एका दिव्यासाठी हळहळत होती.