हे काम मुलांचंच आहे

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणूनही काम पाहते. आमच्या काही विद्यार्थ्यांनी मानसिक आरोग्यासाठी गट सुरू करायची परवानगी मागितली, तेव्हा बैठकीत सर्वांत ठाम विरोध माझा होता. आज त्या गटाची समन्वयक शिक्षिका मीच आहे. माझं मत का बदललं, ते लिहावंसं वाटतं. मी तेव्हा मांडलेले मुद्दे आजही ठिकठिकाणच्या बैठकांत मांडले जातात, आणि मांडणाऱ्यांच्या पोटात मुलांविषयी काळजीच असते.

माझे आक्षेप तीन होते. नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया हे आजार आहेत. त्यांना हात घालायचा तो त्यातल्या शिकलेल्या माणसानं. एकोणीस-वीस वर्षांची मुलं एकमेकांचं समुपदेशन करायला लागली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, हा पहिला. आत्महत्येचा विषय वर्गात काढला की ज्याच्या मनात नाही त्याच्याही मनात तो शिरेल, हा दुसरा. आणि तिसरा असा, की १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाला पोस्टर लागतात, रांगोळ्या निघतात, पथनाट्य होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे असतं.

तेव्हा आमच्याकडे समुपदेशक होत्या. त्या आठवड्यातून एका दुपारी येत. बहुतेक आठवडे त्यांच्या रजिस्टरमध्ये एकही नाव नसे, त्यामुळे मुलांना गरज नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. रेक्टर म्हणून मात्र मला वेगळं दिसत होतं. मेसमध्ये जेवायला न येणाऱ्या मुली, रात्रभर जागून दिवसा लेक्चर बुडवणाऱ्या मुली, एकामागून एक विषय राहत गेलेल्या मुली. जवळ बसवून विचारलं तर एकच उत्तर, ‘मॅडम, घरी नका सांगू.’ रिकामं रजिस्टर आणि या मुली, या दोन गोष्टींचा मेळ मला लागत नव्हता.

तो मुलांनी लावून दिला. गटाला प्रायोगिक परवानगी मिळाल्यावर त्यांचा पहिला अर्ज पोस्टरसाठी येईल असं मला वाटलं होतं. अर्ज आला तो समुपदेशकांची खोली बदलण्यासाठी. ती खोली कार्यालयाच्या खिडकीला लागून होती. फी भरायला, बोनाफाईड घ्यायला दिवसभर तिथे रांग. आत कोण गेलं, डोळे पुसत कोण बाहेर आलं, हे साऱ्या रांगेला दिसणार. त्यात नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहायचं रजिस्टर बाहेरच्या टेबलावर उघडं. मुलांनी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची एक खोली सुचवली, रजिस्टर बंद करून मोबाईलवर वेळ ठरवायची सोय मागितली आणि लेक्चर चुकवावं लागू नये म्हणून संध्याकाळची वेळ मागितली. खर्च जवळपास शून्य. आम्ही शिक्षक इतकी वर्षं त्या खिडकीवरून जात होतो. पण आम्ही त्या रांगेत कधी उभे राहिलो नव्हतो, आणि मुलं रोज राहत होती. माझं मत हलायला इथून सुरुवात झाली.

उपचारांपर्यंत माणूस न पोचणं ही आमच्या एका महाविद्यालयाची गोष्ट नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं आढळलं. डॉक्टर कमी आहेत, अंतर आहे, खर्च आहे. पण पुण्यासारख्या शहरात, जिथे मानसोपचारतज्ज्ञ रिक्षाच्या अंतरावर आहेत, तिथेही पाऊल अडतं ते लोक काय म्हणतील या धाकानं. ‘नाटकं करते’, ‘तुला काय कमी आहे?’, ‘येरवड्याला पाठवा हिला’, हे कँटीनमध्ये हसत हसत बोललं जातं आणि ज्याला लागायचं त्याला ते बरोबर लागतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. मराठवाड्यातून आलेल्या एका आईला मी मुलीच्या औषधांबद्दल समजावत होते. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, ‘बाई, गोळ्या देते मी तिला. पण उद्या स्थळं यायला लागली आणि कुणाला कळलं तर?’ त्या आईला आजाराची माहिती दिली म्हणून ही भीती जाणार नव्हती.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर मला वाचनातून मिळालं. मुलांच्या हाती चुकीचं काही जाऊ नये म्हणून मी वाचायला घेतलं होतं. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांपैकी काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यात तसे विचार किंवा अस्वस्थता वाढल्याचं दिसलं नाही. ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांच्यात विचारण्यानं त्रास वाढण्याऐवजी कमी झाल्याची चिन्हं होती. माझ्या भीतीतला काही भाग मात्र खरा आहे. आत्महत्येची पद्धत रंगवून सांगणं, मृत्यूला उदात्त करणं, एकाच कारणावर बोट ठेवणं यानं अनुकरणाचा धोका वाढतो. म्हणून आमच्या गटात नियम झाला: पद्धतीबद्दल अवाक्षर नाही, गेलेल्याचा फोटो फिरवायचा नाही, आणि बोलायचं ते मदत कशी मिळते आणि माणूस त्यातून कसा बाहेर येतो यावर. पहिल्या वर्षी मुलांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ दाखवला. राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलेल्या त्या चित्रपटात नैराश्यानं ग्रासलेल्या एका तरुणाला लोक उपदेश न करता सावरतात. चित्रपट संपल्यावरची चर्चा ठरल्या वेळेपेक्षा बरीच लांबली, आणि तिच्यात बोलणारी बहुतेक मुलं गटातली नव्हती.

तिसरा आक्षेप माझ्या डोळ्यांदेखत गळून पडला. टीवायचा एक कबड्डीपटू, मैदानावर ज्याच्या नावानं आरडाओरडा होतो असा मुलगा, एसवायच्या वर्गासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘मला डिप्रेशन होतं. औषधं अजून चालू आहेत. मागच्या महिन्यात मी मॅच खेळलो ती औषधं घेऊनच.’ वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘झोप यायची का गोळ्यांनी?’ मग दुसरा, ‘घरी कसं सांगितलंस?’ हे प्रश्न मला कुणी कधीच विचारले नसते. त्या आठवड्यात समुपदेशकांच्या सगळ्या वेळा भरल्या.

याचं शास्त्रही आहे. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतल्या ७२ अभ्यासांचा आढावा २०१२ साली मांडला. प्रौढांच्या मनातला कलंक कमी करण्यात नुसत्या माहितीपेक्षा, आजारातून गेलेल्या माणसाशी आलेला संबंध अधिक परिणामकारक ठरतो. किशोरवयात उलट माहिती अधिक काम करते, असं त्यात दिसलं. महाविद्यालयातली मुलं या दोन वयांच्या सीमेवर असतात, म्हणून दोन्ही लागतं. माहिती तज्ज्ञांकडून यावी. पण ‘मी गेलो होतो, तूही जा’ हे वाक्य तज्ज्ञ बोलू शकत नाही, आणि मीही नाही. ते बरोबरीच्यानंच बोलावं लागतं.

अमेरिकेत हे काम एका विद्यार्थिनीनंच उभं केलं. ॲलिसन माल्मन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना, २००० साली, तिचा भाऊ ब्रायन आत्महत्येनं गेला. त्यानं आपला आजार बराच काळ लपवून ठेवला होता. तिनं आपल्याच विद्यापीठात विद्यार्थ्यांचा गट सुरू केला, आणि त्यातून ‘ॲक्टिव्ह माइंड्स’ ही देशव्यापी संस्था उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या १२ महाविद्यालयांतल्या ११०० हून अधिक विद्यार्थ्यांचा रँड संस्थेनं वर्षभर मागोवा घेतला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, या गटांशी ओळख वाढलेल्या विद्यार्थ्यांमध्ये कलंकाची भावना कमी झालेली आणि गटांतला सहभाग वाढलेल्यांमध्ये अडचणीतल्या मित्राला मदत करण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. पोस्टरनं काही होत नाही, हे माझं म्हणणं अजूनही आहे. पण पोस्टरमागे वर्षभर चालणारं काम असेल, तर होतं.

राहिला पहिला आक्षेप, तज्ज्ञांचा. तो मी सोडलेला नाही. त्याची जागा बदलली आहे. डॉक्टर नसलेली माणसं नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली तर किती करू शकतात, हे गोव्यात ‘संगत’ संस्थेनं आणि विदर्भातल्या खेड्यांत ‘विश्राम’ कार्यक्रमानं दाखवलं आहे. पण ती माणसं प्रशिक्षित होती, त्यांच्या मागे तज्ज्ञ होते. आमच्या मुलांनी स्वतःसाठी याहूनही अरुंद चौकट आखून घेतली. ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, निदान करायचं नाही, औषधाबद्दल बोलायचं नाही, समुपदेशकांच्या दारापर्यंत सोबत जायचं. ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, पण जिवाला धोका वाटला तर त्याच तासाला मोठ्यांना कळवायचं, आणि हे समोरच्याला आधीच सांगून ठेवायचं. मी ज्या धोक्याची भीती दाखवत होते, तो मुलांनी माझ्याइतकाच ओळखला होता.

दोन गोष्टींबद्दल मात्र मी आज पूर्वीपेक्षा अधिक आग्रही आहे. एक, मुलांच्या खांद्यावर आपलं ओझं टाकायचं नाही. दुसऱ्याचं दुःख ऐकून वीस वर्षांचा मुलगाही थकतो, परीक्षेच्या तोंडावर तर फारच. म्हणून आमच्या गटातल्या मुलांचीही समुपदेशकांबरोबर नियमित बैठक होते आणि परीक्षेआधी त्यांना कामातून मोकळं केलं जातं. समुपदेशक नेमणं ही संस्थेची जबाबदारी आहे. विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, २५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. विद्यार्थ्यांचा गट आहे म्हणून हे पद रिकामं ठेवणारी संस्था मुलांचा वापर करते.

दुसरी गोष्ट, सगळंच दुःख मनाचा आजार नसतं. शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने न आलेली मुलगी मेसचं बिल भरू शकत नाही. आडनाव ऐकून टोमणे मारले जातात. इंग्रजीत उत्तर देता आलं नाही म्हणून वर्गात अपमान होतो. अशा मुलीला ‘मन मोकळं कर’ म्हणणं पुरेसं नाही. आमच्या गटातल्या मुलांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसणं आणि टोमण्यांच्या तक्रारी समितीपर्यंत नेणं हेही आपलंच काम मानलं. हे मला सुचलं नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. यातल्या प्रत्येकाच्या वर्गात, खोलीत, मेसच्या टेबलावर कुणीतरी बसत होतं. मूल गप्प झालं हे पहिल्यांदा त्या शेजारच्याला कळतं. आई-वडिलांना फोनवर कळत नाही, मला हजेरीपटावरून कळत नाही.

म्हणून प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि माझ्या सहकारी शिक्षकांना माझी विनंती आहे: तुमच्याकडे मुलं असा अर्ज घेऊन आली तर तो नाकारू नका. त्यांना एकांताची एक खोली द्या, पूर्णवेळ समुपदेशक द्या, प्रशिक्षण द्या, आणि त्यांची पहिली मागणी काय आहे ती नीट ऐका. आई-वडिलांना सांगणं एवढंच, की औषधं घेणारं मूल हे उपचार घेणारं मूल आहे. ते घराण्याला लागलेलं लांछन नाही. आणि हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कुणाला आत्ता फार जड जात असेल तर टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. एकट्यानं फोन करवत नसेल तर शेजारच्या मित्राला सोबत बसवा.