निबेवरची बारीक अक्षरं

बीडच्या बाजारात पेन दुरुस्त करणारे बसायचे, त्या काळात जुनं भारी पेन स्वस्तात मिळायचं ते ओळखीवर. निजामाच्या राज्यात नोकरीला लागलेले, मोडी आणि उर्दू दोन्ही सराईतपणे लिहिणारे कारकून-मास्तर एकेक करून गेले, की घरची मंडळी त्यांची पेनं आणून टाकत. त्यात एअरमेल, विल्सन असायचीच. कधी ब्लॅकबर्ड निघायचं, क्वचित पार्कर ५१. आमचा दुरुस्तीवाला हातचं न राखता शिकवायचा. निब धुऊन भिंगाखाली धरायचा आणि तिच्यावरची अक्षरं वाचायला लावायचा. '१४ के' दिसलं तर सोनं. नुसता पिवळा मुलामा असला तर पोलाद. मग शाईत बुडवून रेघा मारायला द्यायचा. निब खरवडते का, एका अंगाने झिजली आहे का, हे हाताला लगेच कळायचं. भावाचं बोलणं त्यानंतर.

आता पेन भेटतं ते फोटोत. ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम हे इथलं लिलावाचं संकेतस्थळ विकत घेतलं आणि आमच्यासारख्यांनाही घरबसल्या लिलावात बोली लावता येऊ लागली. २०१८ मध्ये ईबेचं इथलं दुकान बंद झालं. परदेशी लिलाव आजही खुले आहेत, पण टपालखर्च आणि कस्टम्समध्ये सगळी स्वस्ताई जिरते. खरी संधी देशातल्याच विक्रेत्यांकडे, 'जुनी पेनं, दहा नग' अशा ढिगांत. विकणाऱ्याला नाव ठाऊक नसतं, त्यामुळे नाव टाकून शोधणाऱ्यांना ते पेन दिसतच नाही.

पार्कर ५१ चंच घ्या. १९४१ साली आलेल्या या पेनाची निब जवळजवळ झाकलेली. चिनी हिरो ६१६ ही त्याचीच नक्कल, आणि हिरो आपल्याकडे इतकं रुळलेलं की अस्सल ५१ सुद्धा 'जुनं चायना पेन' म्हणून विकायला येतं. मी विक्रेत्याला दोन फोटो मागतो: टोपणाच्या कडेचा, म्हणजे कोरलेलं नाव वाचता येतं, आणि मागची नळी काढून आतला. १९४८ पासूनच्या ५१ मध्ये आत धातूचं आवरण असतं, त्यावर शाई कशी भरायची ते कोरलेलं. त्याखालची शाईची पिशवी इतक्या वर्षांनंतरही बहुधा शाबूत निघते. अशीच संधी एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या पेनांतही असते. एबोनाइटचं काळं पेन उन्हाने, दमटपणाने तपकिरी पडतं. लोक ते खराब समजून सोडून देतात. घासूनपुसून ते पुन्हा काळं होतं.

रेघ मारून पाहण्याचं सुख मात्र गेलं. पेन कोणाचं होतं, तेही कळत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "भंगारात आलं, साहेब." बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या जुन्या घरांत माळ्यावरच्या पेट्यांमध्ये अशी पेनं आजही असणार. भंगारवाल्याला देण्याआधी निब तेवढी उजेडात धरून वाचा. आणि काळं एबोनाइट असेल तर ते पाण्यात भिजत घालू नका, रंग आणखी उतरतो; फक्त निबेचा भाग गार पाण्याने धुवा.