दहा ते दहाचा महिना

आम्हा मिलवाल्यांच्या घरात महिना एक तारखेला कधी सुरू झालाच नाही. तो दहा तारखेला सुरू व्हायचा. १९३६च्या पगार कायद्यानं हजारावर माणसं असलेल्या कारखान्याला दहा तारखेपर्यंत मुदत दिली होती, आणि मुदत शेवटच्या दिवसापर्यंत वापरायची असते हे कचेरीतल्या बाबूंना कुणी शिकवावं लागत नसे. मग किराणावाल्याची वही दहाची, दूधवाल्याचा हिशेब दहाचा, भिशी दहाची. पाहुणेसुद्धा शहाणे असले तर अकराला यायचे. भिंतीवरचं कॅलेंडर काय ते चतुर्थी-एकादशी पाहण्यापुरतं.

हिंगणघाटात वणा नदीच्या काठी बन्सीलाल अबीरचंद मिल आणि रेखचंद मोहता मिल, तिकडे वर्धा नदीवर पुलगावची कॉटन मिल. तिन्ही इंग्रजांच्या काळातल्या. कापूस आपल्याच काळ्या मातीतला. हिंगणघाटी कापसाचं नाव एकेकाळी थेट लिव्हरपूलच्या बाजारात घेतलं जायचं. आमची मिल यातली कोणती, ते विचारू नका. चाळी सगळ्यांच्या सारख्याच होत्या आणि भोंगेही.

भोंगा म्हणजे घड्याळ. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डब्बा, तिसऱ्याला सायकल. डब्ब्यात ज्वारीची भाकर, चून, कांदा आणि कधी मिरचीचा ठेचा. सुट्टीच्या वेळी गेटवर डब्बा नेऊन द्यायचं काम पोरांचं, आणि त्यात डब्ब्यातला गूळ वाटेत संपला तर तो मुंग्यांनी खाल्ला असं सांगायचं, हेही ठरलेलं. ज्याच्या घरी तिसरी पाळी, त्याच्या दारापुढे दिवसा विटीदांडू बंद. “बाबा झोपले हायेत” म्हटलं की अख्खी ओळ कुजबुजत बोलायची. उलट बाबा जागे असले की कुजबूज शक्यच नव्हती. मागाच्या खटखटाटात वीस वर्षं काढलेला माणूस घरातही ओरडूनच बोलतो. खात्यात त्यांचं बोलणं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर चालायचं. घरी मात्र ‘उसने पैसे आणले का?’ हे गुपित तीन घरं ऐकायची.

आणि ती गाठ. मिलमधल्या माणसाची गाठ आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. सुताची दोन तुटकी टोकं डाव्या अंगठ्यावर एकमेकांवर आडवी ठेवायची, एक फेरा नखावरून घ्यायचा, उरलेलं टोक त्या फेऱ्यात सारायचं आणि ओढायचं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. बोट फिरवलं तर गाठ लागायची नाही. पतंगाचा मांजा, पायजम्याची नाडी, खाटेची नवार, देवघरातल्या घंटेची दोरी, आईची तुटलेली पोत: सगळं त्या एका गाठीनं सांधलेलं.

गंमत अशी, की आमचा जिल्हा मिलचा तसाच खादीचाही. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांसाठी उपास करणारे बापू १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि त्या गावाचं सेवाग्राम झालं. १९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. त्यामुळे पुढे आमच्या शाळेतही गुरुजी टकळी फिरवायला लावायचे आणि घरी बाप शेकडो चात्या सांभाळून आलेला असायचा. आमच्या बहिणीचं सूत दर हातभरावर तुटायचं. ती रडकुंडीला आली की बाबा मांडी घालून बसायचे आणि सगळं सूत सांधून द्यायचे. गुरुजींना त्या गुंडीत एक गाठ सापडली नाही. हातकताईत तिला पहिला नंबर मिळाला तो रिंग खात्याच्या जोरावर, हे सेवाग्रामला कळलं नाही ते बरंच झालं.

गेटवर झडती व्हायची, तरी मिलमधलं बरंच काही रीतसर पासावर घरी यायचं. फेंट कापडाचे तुकडे यायचे, त्यांच्या गोधड्या आणि पिशव्या. रद्दी सूत यायचं, त्याच्या उशा, कंदिलाच्या काचा पुसायचे बोळे, सायकलच्या चेनची साफसफाई. मोडक्या लाकडी बाबिनी यायच्या. त्यांच्या चकत्या कापून तान्ह्या पोळ्याच्या नंदीला चाकं. दुकानातला रंगीत नंदी आमच्याकडे कधी आला नाही, पण आमच्याइतका सरळ चालणारा नंदीही गल्लीत दुसरा नव्हता.

कागदांची एक पत्र्याची पेटी असायची आणि तिला हात लावायची पोरांना बंदी. पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफची स्लिप, विमा दवाखान्याचं कार्ड. बदलीवाल्या काकांच्या घरी त्या पेटीपेक्षा मोठी गोष्ट होती: दिवस. बदलीवाला रोज गेटवर जाऊन उभा राहायचा. कुणी गैरहजर असला तर आत, नाही तर परत. १९४८च्या कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवस काम भरलं की पगारी रजा लागू, वीस दिवसांमागे एक. कायम होण्याची आशाही लोक त्याच आकड्याला बांधून ठेवायचे. म्हणून काकू कोळशानं भिंतीवर रेघा ओढायच्या. “किती झाले?” “दोनशे अकरा.” मार्च-एप्रिलात लग्नसराईला माणसं गावी गेली की काकूंचा चेहरा खुलायचा. दुसऱ्यांच्या लग्नाचा इतका मनापासून आनंद मानणारी बाई आम्ही पुन्हा पाहिली नाही.

दिवाळीचेही दोन प्रकार होते: ८.३३ची दिवाळी आणि चारची दिवाळी. बोनस कायदा १९६५चा, सुरुवातीला किमान चार टक्के. पुढे तो ८.३३ वर गेला, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. आणीबाणीत पुन्हा चार, १९७७ साली परत ८.३३. शाळेत दशांश अपूर्णांक शिकवायच्या आधीच हा आकडा आम्हाला पाठ. चारच्या दिवाळीत अनारसे देवापुरते आणि नवे कपडे फक्त धाकट्यांना.

जिनात रेच्यावर बसणाऱ्या बायांचं मात्र निराळं होतं. त्यांचं काम हंगामी, केसांवर रुईचा थर, संध्याकाळी घरी येताना सगळ्या एकाएकी म्हाताऱ्या झालेल्या दिसायच्या. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मध्य प्रांतात १९३० सालीच आला होता. आमच्या आजीला तो माहीत होता. मिळाला का विचारलं तर ती दुसरंच काही तरी बोलायची.

हल्ली कुणाकुणाला वाटतं, या सोयी मालकांनी मोठ्या मनानं दिल्या. काहींनी दिल्या, खोटं कशाला बोला. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये टाटांनी १८८६ साली पेन्शन फंड काढला, तेव्हा तसा कायदाच देशात नव्हता. बाकीच्यांनी कायदा आल्यावर दिल्या, आणि कायदा गेटसभांच्या धक्क्यानं आला. आमच्या घरात मोठे बाबा इंटक युनियनचे, बाबा लाल बावट्याचे. गेटवर एकमेकांच्या पुढाऱ्यांना मुर्दाबाद करायचं आणि घरी एकाच परातीत जेवायचं. साळ खात्याचा जॉबर शेजारच्याच ओळीत राहायचा. दिवसा दंड लावणारा हा माणूस रात्री कुणाची बायको अडली तर टांगा आणायला पहिला धावायचा. त्याला शिव्याही पोटभर आणि लग्नपत्रिकाही पहिली.

१९७४ साली देशभरच्या आजारी मिला सरकारनं घेतल्या, त्यात बन्सीलाल मिलही होती. चाळीत पेढे वाटले गेले. नंतर पाळ्या कमी झाल्या, मग खाती, मग स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. त्यातली स्वेच्छा कुणाची, यावर ओट्यावर फार दिवस वाद चालला.

मोठे बाबा आता नव्वदीत आहेत. त्यांचा नातू एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराच्या पासवर जातो. परवा त्यानं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, की २०२५च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि पगारी रजेसाठी आता २४० नाही, १८० दिवस पुरतात. मोठ्या बाबांनी बोटांवर हिशेब केला आणि घर दणाणेल अशा आवाजात विचारलं, “मंग आमचे वरचे साठ दिवस कोनाच्या खात्यात गेले?” नातू हसला. ते हसले नाहीत. “कोन आहे तुह्या युनियनचा? बलाव त्याले.”