लेकरांना घेऊन मस्कतला

आमच्या खेड-दापोलीच्या पट्ट्यात ज्या घरातले कोणीच आखाती देशात नाही, असे मुस्लिम घर क्वचितच सापडेल. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की मुंबईच्या विमानतळावर आमच्याकडच्या बायका हमखास दिसतात. कडेवर एक मूल, बोटाला दुसरे, खांद्यावर फुगलेली पिशवी. नवरा तिकडे वाट पाहत असतो आणि प्रवास मात्र एकटीने करायचा असतो.

गेल्या उन्हाळ्यात त्या रांगेत मीही होते. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. त्यांचे अब्बू मस्कतला नोकरीला गेले तेव्हा धाकटा सव्वा वर्षाचा होता. त्यानंतर त्याने त्यांना पाहिले ते मोबाईलवरच. "अब्बू कुठे आहेत?" असे विचारले की तो टेबलावरच्या मोबाईलकडे बोट दाखवायचा. घरात सगळे हसायचे. मीही हसायचे, पण त्या बोटाची मला मनातून धास्ती वाटत होती.

कागदपत्रांची तयारी महिनाभर आधी केली. तान्ह्या मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, म्हणून मुलीच्या पासपोर्टची मुदत आधी तपासली. दोन वर्षांच्या आतले मूल थोड्या भाड्यात आईच्या मांडीवर बसून जाऊ शकते. दोन वर्षे पूर्ण झाली की त्याला स्वतःची जागा घ्यावीच लागते. जाताना दीड-पावणेदोन वर्षांचे असलेले मूल परत येईपर्यंत दोन वर्षे ओलांडणार असेल, तर परतीच्या तिकिटाचा आधीच विचार करावा. जन्मदाखल्यांच्या आणि निकाहनाम्याच्या प्रती मी सोबत ठेवल्या होत्या. कोणी मागितल्या नाहीत, पण मन निर्धास्त राहिले.

पिशवी भरण्याचा धडा मला चार वर्षांपूर्वीच मिळाला होता. तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि तिचे सगळे कपडे मी मोठ्या बॅगेत टाकून ती बॅग विमानतळावर जमा केली होती. विमानात तिला उलटी झाली. ओला फ्रॉक, विमानातला गारठा आणि माझ्या ओढणीत गुंडाळलेली माझी लेक! या वेळी प्रत्येक मुलाचे दोन जोड, माझा एक कुर्ता, प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या, ओले रुमाल आणि एक शाल हातातल्या पिशवीत होती. शंभर मिलीलिटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ विमानात सोबत नेऊ देत नाहीत, पण लहान मुलाचे दूध आणि खाणे प्रवासापुरते नेता येते. तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवायचे, एवढेच. लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेतच बरी.

दुसरी तयारी मुलांच्या मनाची. शिक्षिका असल्यामुळे मला ठाऊक होते की मूल नव्या गोष्टीला घाबरते, सांगितलेल्या गोष्टीला कमी घाबरते. निघण्याआधी आठवडाभर आम्ही पडवीत विमान-विमान खेळलो. खुर्च्या एकामागे एक, कमरेला ओढणीचा पट्टा. खाटेखालून पिशवी सरकवायची, ती पलीकडून परत घ्यायची. धाकट्याचा कापडी ससाही खाटेखालून जाऊन परत यायचा. विमानतळावर तो ससा तपासणीच्या यंत्रात गेला तेव्हा शेजारचे एक मूल आपल्या बाहुलीसाठी आकांत करत होते. आमचा धाकटा मात्र पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन उभा राहिला. "येतो आता," असे त्यानेच मला सांगितले.

आदल्या दिवशी आम्ही मुंब्र्याला नणंदेकडे मुक्काम केला. विमान पहाटे साडेसहाचे, म्हणून रात्री दोनलाच निघालो. माणसे म्हणतात, एवढ्या लवकर कशाला? मुलांसोबत असताना वेळ हीच खरी शिदोरी. एकाला लघवीला न्यायचे, दुसऱ्याची चप्पल शोधायची, रांगेतून बाहेर पडून पुन्हा रांगेत लागायचे. घाई झाली की आपण मुलांवर ओरडतो आणि मग प्रवासभर मनाला ते लागून राहते. वेळ हाताशी होता, म्हणून एका कोपऱ्यात मुलांना बसवून मी फजरची नमाजही शांतपणे अदा केली.

विमानात आमच्या रांगेत एक तरुण होता. बिहारचा, बांधकामावर पहिल्यांदाच निघालेला. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली. सीटचा पट्टा कसा लावायचा ते माझ्या मुलीने त्याला दाखवले. विमान वर चढले, तिघांनी मिळून सफरची दुआ म्हटली आणि थोड्याच वेळात धाकटा झोपून गेला.

इथे माझी चूक झाली. विमान खाली उतरू लागते तेव्हा आतल्या हवेचा दाब वाढत जातो. कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी आपण गिळतो तेव्हा उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. लहान मुलांची ही नळी अरुंद असते आणि झोपेत गिळणेही कमी होते. म्हणून उतरण्याआधी मुलाला जागे करून घोट घोट पाणी किंवा दूध द्यावे, तान्ह्याला पाजावे. मुलाला सर्दी असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. हे सारे मला माहीत होते. पण रात्रभर जागलेले लेकरू इतके गाढ झोपले होते की उठवायला जीव धजेना.

तो किंचाळतच उठला. कान धरून असा रडू लागला की मागच्या-पुढच्या माना वळल्या. कोणीतरी जोरात उसासा टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाण्याची बाटली तो ढकलून देत होता. तेवढ्यात तो तरुण म्हणाला, "बाजी, ज़रा मैं कोशिश करूँ?" त्याने बाटलीत नळी टाकून स्वतः ओढण्याचे सोंग केले, गाल फुगवले, डोळे फिरवले. धाकटा हुंदके देत बघत राहिला. मग त्याने नळी तोंडात घेतली. चार-पाच घोटांनंतर रडे ओसरले.

मी माफी मागितली, तर तो म्हणाला, "माफ़ी कैसी? मेरी बेटी भी इतनी ही है। परसों निकला तो सो रही थी।" एवढे बोलून तो खिडकीबाहेर पाहू लागला. मला वाटत होते की आमच्या रडण्याचा सगळ्यांना त्रास होतो आहे. त्या विमानात हे रडणे ऐकायला आसुसलेला बापही बसला असेल, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. नमाज पढवताना मुलाचे रडणे कानी आले तर त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून पैगंबर (स.) नमाज आवरती घेत, हे आपण हदीसमध्ये वाचतो. रडणाऱ्या मुलाच्या आईकडे कसे पाहावे, ते यातून शिकावे.

मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. उतरलो तेव्हा तिथे सकाळचे पावणेआठ झाले होते. शुक्रवार, सुट्टीचा दिवस. बाहेर अब्बू उभे होते. मुलगी धावत जाऊन बिलगली. धाकट्याने एकदा पाहिले आणि माझ्या बुरख्यात तोंड लपवले. त्यांनी हात पुढे केले तसा तो रडू लागला.

त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी त्याला ओढले नाही. सामानाच्या ट्रॉलीजवळ ते खाली बसले आणि सशाला सलाम केला. "तुमचा प्रवास कसा झाला?" असे त्यालाच विचारले. धाकटा एका डोळ्याने पाहत राहिला. घरी गेल्यावर त्याने माझ्या पर्समधून मोबाईल काढला आणि म्हणाला, "अब्बूला फोन लाव." अब्बू समोरच बसलेले. त्यांनी निमूटपणे शेजारच्या खोलीत जाऊन फोन उचलला. मग बोलत बोलत दारात आले, मग पलंगाजवळ. तो मोबाईलकडे पाही, त्यांच्याकडे पाही. दोन दिवस हा खेळ चालला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मत्रहच्या किनाऱ्यावर गेलो. मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर, पुढे बंदर आणि होड्या. सूर्य मावळला तरी वारा गरम होता. "हा समुद्र आपला आहे का?" मुलीने विचारले. मी सांगितले, "हे ओमानचे आखात. पुढे ते आपल्या अरबी समुद्राला मिळते, आणि तेच पाणी हर्णैला लागते." तेवढ्यात एका बोटीचा भोंगा वाजला. धाकटा दचकला आणि त्याने जवळचे बोट पकडले. ते बोट माझे नव्हते. अब्बू जागच्या जागी उभे राहिले, मान वळवून पाहिलेही नाही, न जाणो हात सुटेल म्हणून.

विमानाने हे अंतर तीन तासांच्या आत कापले होते. लेकराला तीन दिवस लागले. या सुट्टीत ज्या बहिणी निघणार असतील त्यांनी पिशवीत कपडे, दूध, कागद सगळे नीट घ्यावे. पण पोहोचल्यावर "जा, अब्बूंकडे जा" असा आग्रह धरू नये. तिकडे वाट पाहणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवावे, की लेकरू आले तरी त्याचे मन थोडे मागून येते.