सास्तूरच्या बायका आणि शांतिसेना

३० सप्टेंबर, धाराशिव

आज सास्तूरला भूकंपातल्या मृतांना श्रद्धांजली. १९९३ च्या त्या पहाटेनंतर घरं सावरायच्या कामात गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या होत्या. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, असं त्या ओट्यावर बसून समजावत. अनुदानाचे हप्ते, इंजिनिअरच्या खेपा, भावकीतली भांडणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. २००१ च्या भूकंपानंतर यांतल्या काहीजणी कच्छलाही जाऊन आल्या.

असं माणसं समजावणारं कुणी दूरदेशीही लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांत सैनिकांबरोबर निवडणूक, न्याय, मानवी हक्क यांतले मुलकी जाणकारही लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत नव्हे, पण १९५३ मध्ये सुदानची निवडणूक पार पाडायला आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होतेच. हल्ली मोहिमांवर जाणाऱ्या मुलकी लोकांना निघण्यापूर्वी सुरक्षा, प्रथमोपचार आणि तिथल्या रीतिभाती शिकवतात. ते हवंच. पण चिडलेल्या माणसासमोर शांत बसणं, दोन्ही बाजूंचं ऐकून घेणं आणि झेपेल तेवढाच शब्द देणं चार दिवसांच्या वर्गात अंगी येत नाही. त्या वर्गात शिकवायला आमच्या सास्तूरच्या एखाद्या मावशीलाही बोलवावं. दुभाष्या दिला की झालं!