पंगतीतले भीम

खाण्याच्या गोष्टीत भीमाला तोड नाही. बकासुरासाठी नेलेला गाडाभर भात तो स्वतःच खात बसला आणि राक्षस पाठीत बुक्के मारत असतानाही त्याने घास थांबवला नाही. अमेरिकेत जोई चेस्टनट याने २०२१ साली दहा मिनिटांत ७६ हॉटडॉग संपवले. तिथे मोजायला पंच असतात, म्हणून आकडा वाढत नाही.

आमच्या मेसमध्ये पंच नाहीत. एका कॅडेटने रविवारी बावीस पुऱ्या खाल्ल्या. रात्री हॉस्टेलमध्ये त्या तीस झाल्या, शनिवारपर्यंत साठ. आता नव्या मुलांना सांगतात, की त्याने ढेकर दिली तेव्हा मैदानावरची अख्खी पलटण ‘सावधान’मध्ये उभी राहिली!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काशीला अमृतराव घाटावर गेलो. त्याला आज राजा घाट म्हणतात. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले, तेव्हा काही महिने तिथला कारभार अमृतरावांकडे होता. १८०३ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाला परत गादीवर बसवले. अमृतरावांना वर्षाला सात लाखांचा तनखा मिळाला. पुढे काशीत त्यांनी हा घाट दगडात बांधला आणि अन्नछत्र चालवले.

पायरीवर बसताच आजोबांनी गोष्ट रचली, “इथे एक भटजी पैजेवर शंभर लाडू जेवले. नावेत बसले, तर नावेचे दुसरे टोक थेट आकाशात!”

आम्ही हसत होतो. आजीने विचारले, “अहो, पण ते शंभर लाडू वळले कोणी?”

आजोबांकडे उत्तर नव्हते. अशा गोष्टींत खाणारा लक्षात राहतो, रांधणारा नाही. अमृतरावांची सत्ता काही महिन्यांत गेली. घाट आणि अन्नदान यांमुळे नाव राहिले.

मेसचे काका रविवारी पहाटे चारला कणीक मळायला घेतात. चारशे मुले, प्रत्येकी पाच पुऱ्या, म्हणजे दोन हजार. बावीस पुऱ्यांची गोष्ट नव्या कॅडेटना जरूर सांगा, हवी तेवढी फुगवून सांगा. पण सोबत हा दोन हजारांचा आकडाही सांगा. त्यात एकाही पुरीची भर घालावी लागत नाही.