अकोला आलं काय?

वऱ्हाडात उन्हाळ्याची सुट्टी लागली की लहान मुलांना सगळ्या जगात एकच गाव दिसते, नानीचे. आमच्या मुलांचे ते गाव अकोला. अमरावतीहून अंतर म्हणाल तर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. मोठ्या माणसाने दोन डुलक्या काढल्या की संपणारा प्रवास. पण सोबत अकरा, सात आणि साडेचार वर्षांची तीन मुले असली की हाच प्रवास हजच्या सफरीइतकी तयारी मागतो.

निघायच्या आदल्या रात्री नानीचा फोन आला. सलाम झाला, खुशाली झाली आणि लगेच हुकूम सुटला, "पोट्ट्यांच्या खिशात एकेक कांदा ठेवा. इकडं ऊन लई आहे." अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याची आमच्याकडची रीत जुनी आहे. डॉक्टर काय म्हणतात ते म्हणोत, नानीचा हुकूम मोडण्याची हिंमत आमच्यात नाही. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, ओले रुमाल आणि तीन कांदे घेऊन आम्ही फजरची नमाज होताच घर सोडले.

ऑटो परकोटाजवळून चालला होता. अमरावतीचा हा दगडी परकोट निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पेंढाऱ्यांपासून शहर वाचवण्यासाठी बांधला गेला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. जवाहर गेट सगळ्यांनाच माहीत असते. खिडकी म्हणजे तटातला छोटा दरवाजा, पायी जाणाऱ्यांसाठी. खुनारी खिडकी, पटेल खिडकी ही नावे आजही पत्त्यात लिहिली जातात. थोरल्याला आम्ही हे सांगत होतो, तेवढ्यात धाकट्याने कान टवकारले.

"खिडकीतून लोकं जातात?"

"हो, जातात."

"मग मी खिडकीतून गेलो तर मला काऊन मारता?"

ऑटोवाला इतका हसला की त्याला ऑटो हळू करावा लागला. आम्ही दोघेही शिक्षक. वर्गातल्या साठ मुलांना उत्तरे देतो, पण या एकाला देता आले नाही.

एसटीत बसल्यावर दुसरी परीक्षा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आणि १७ मार्च २०२३पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास, हा हिशेब मधलीने शेजारच्या बाईंकडून ऐकला. ती दुसरीत आहे. तिने बोटांवर काही मोजले आणि कंडक्टरना थेट विचारले, "मी लहान आहे म्हणून अर्धी. बाई आहे म्हणून अर्ध्याची अर्धी. म्हणजे माझं पाव तिकीट ना?"

कंडक्टरने चष्मा वर केला. "अर्ध्याचं अर्धं नाई होत, बाई. सरकारनं तेवढं गणित केलं नाई."

मग त्यांनी धाकट्याकडे बोट दाखवले, "याचं वय?" त्याला पाच पूर्ण व्हायला अजून सहा महिने होते, म्हणून त्याला तिकीट नव्हते. आम्ही तसे सांगितले. झाले! सगळ्यांच्या हातात कागद आणि आपल्याच हातात नाही, हा अपमान त्याला सोसवेना. "मी पाच वर्षांचा आहे! मला तिकीट पाहिजे!" बसमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. तिकीट वाचवण्यासाठी पोराचे वय कमी सांगणारे पालक लोकांनी पाहिलेले असतात. इथे मात्र पोरगाच वय वाढवून भाडे भरायला निघाला होता. शेवटी कंडक्टरने थोरल्याचे तिकीट त्याच्या हातात दिले आणि "तू याचा मालक" म्हणून सोडवले. थोरला अकोल्यापर्यंत रुसून बसला.

बस बडनेऱ्याच्या पुढे आली. धाकट्याने आता सलाम सुरू केला. मकतबमध्ये नुकतेच शिकवले होते की भेटेल त्याला सलाम करावा. मागच्या सीटवर डोक्याला दुपट्टा बांधलेले एक शेतकरी बाबा होते. त्यांनाही त्याने मान वळवून खणखणीत "अस्सलामु अलैकुम" घातला. बाबा हसून म्हणाले, "राम राम, बाप्पा."

धाकटा आमच्या कानाशी आला. "त्यांना जवाब पाठ नाही."

"पाठ आहे, बेटा. त्यांचा सलाम तसाच असतो."

त्याने थोडा विचार केला, मग पुन्हा वळून "राम राम बाप्पा, अस्सलामु अलैकुम" असा दोन्हींचा एकत्र हिशेब चुकता केला. एवढ्यावर थांबेल तर तो आमचा कसला? खिशातला कांदा काढून त्याने बाबांपुढे धरला, "घ्या, ऊन लागेल." बाबांनी दुपट्ट्याची गाठ सोडली आणि आतून तसाच एक कांदा काढून दाखवला. "हे पाय, माह्याजवळबी आहे." दोघांनी कांदे शेजारी धरून कोणाचा मोठा ते पाहिले. बाबांचा मोठा निघाला. मग बाबांनी फुटाण्याची पुडी सोडली आणि दोघांची जी गट्टी जमली ती मूर्तिजापूरपर्यंत.

लोणीपासून थोरल्याचा रुसवा थोडा सैल झाला, कारण हा त्याचा प्रांत. लोणी ते माना या पट्ट्यात, ३ ते ७ जून २०२२ या काळात, १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा ७५ किलोमीटर अखंड डांबरी रस्ता तयार झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या पंचवीस किलोमीटरच्या रस्त्याचा होता. थोरला हे सारे एका दमात सांगून आमच्याकडे शाबासकीसाठी पाहू लागला. आम्ही मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, "पाहा, लोक १०५ तासांत ७५ किलोमीटरचा रस्ता करतात आणि तुझा सुट्टीचा अभ्यास..." तो पूर्ण होण्याआधीच उत्तर आले, "त्यांच्याजवळ मशीन होती. मला पेन्सिल दिली." मधलीला वेगळीच काळजी, "ते लोक झोपले कधी?" पाळीपाळीने, असे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडं हा छोटा झाला तेव्हा अम्मी-अब्बू झोपायचे तसे."

यादरम्यान "अकोला आया क्या?" हा प्रश्न चालूच होता. धाकट्याची एक पद्धत आहे. घरच्या उर्दूत विचारून उत्तर मिळाले नाही की तोच प्रश्न तो मराठीत विचारतो, "अकोला आलं काय?" त्याला वाटते, भाषा बदलली की उत्तरही बदलेल.

मूर्तिजापूरला बस थांबली. त्याने हापशीचे पाणी प्यायले आणि तोंड वाकडे केले, "याच्यात मीठ कोणी टाकलं?" हा सगळा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारे, म्हणून विहीर असूनही शेत पावसाच्या भरवशावर. गोड पाण्यासाठी इथल्या बायकांनी किती पायपीट केली, ते दुपट्टेवाल्या बाबांनी सांगितले. धाकट्याने लक्ष देऊन ऐकले आणि आपल्या बाटलीतले पाणी त्यांना देऊ केले. थोडे त्यांच्या धोतरावरही सांडले.

मूर्तिजापूर म्हटले की शकुंतला आठवतेच. ही छोटी रेल्वे इथून एका बाजूला यवतमाळला ११३ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला ७६ किलोमीटर जायची. इंग्रजांच्या काळात कापूस वाहण्यासाठी घातलेली ही लाइन. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४पर्यंत तिला ओढत होते. रुळांमधली रुंदी अवघी अडीच फूट. थोरल्याने बसमध्येच वितीने मोजून जाहीर केले की धाकट्याला रुळांमध्ये आडवा झोपवला तर त्याचे पाय बाहेर येतील. गाडी आता बंद आहे हे ऐकून धाकट्याने विचारले, "शकुंतला बिमार आहे काय?" बाबा म्हणाले, "म्हातारी झाली बाप्पा." त्यावर कोणी हसले नाही. त्या गाडीने कधी ना कधी प्रवास केलेली दोन-चार माणसे बसमध्ये असावीत.

काटेपूर्णा गेली, बोरगाव मंजू गेले आणि एकदाचे अकोला आले. नानीच्या दारात सामान उतरेपर्यंत जोहरची वेळ झाली. नानांनी नमाज सुरू केली. ते सजद्यात गेले आणि धाकटा घोडा समजून त्यांच्या पाठीवर. आम्ही पुढे झालो तर नानीने हाताने थांबवले. प्रेषित मुहम्मद (स.) सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, तेव्हा तो उतरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला, ही हदीस त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नानांचाही सजदा लांबला. वरून आवाज आला, "अकोला आया क्या?" सलाम फेरल्यावर नाना म्हणाले, "आ गया बेटा, अब उतर."

संध्याकाळी कूलरसमोर मोठी माणसे बसली आणि विषय निघाला तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जूनमध्ये धाकट्याचे नाव कुठल्या शाळेत घालायचे? थोरला मराठी माध्यमात आहे, मधली उर्दू माध्यमात. एक नातेवाईक म्हणाले, "आता इंग्रजीतच टाका, पुढचं पाहा." दुसरे म्हणाले, "मराठीत टाका, नोकरी इथंच करायची आहे." नानी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो मोठा झाल्यावर मी लिहिलेलं त्याला वाचता येईल ना?"

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी किराण्याच्या यादीने दिले. नानीने यादी उर्दूत लिहिली आणि थोरल्याला पाठवले. त्याला ती वाचता येईना. मधलीला वाचता येते, पण दुकानातल्या बरण्यांवरच्या मराठी चिठ्ठ्या वाचायला तिला वेळ लागतो. मग दोघे गेले. ती यादी वाचायची, तो बरणी शोधायचा. शाहजिरे, धने, बेसन, सगळे बरोबर आले. फक्त "आधा पाव" आणि "अर्धा किलो" यात दोघांचे भांडण झाले आणि नानीकडे महिनाभर पुरेल एवढी हळद आली.

मधलीची एक वही आम्ही जपून ठेवली आहे. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून, म्हणून तिने एकाच वहीत दोन्ही टोकांनी लिहायला सुरुवात केली. दोन्ही भाषा मधल्या पानावर भेटल्या तेव्हा तिने आनंदाने सांगितले, "वही संपली, नवी द्या." एकदा तिने बूट उलटसुलट घातले होते. विचारले तर म्हणाली, "हा उर्दू बूट आहे."

अकोला सोडण्याआधी मुलांना मोर्णेकाठचा असदगड दाखवला. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा हा किल्ला. दहीहांडा वेशीवरच्या लेखात असदखानाच्या काळातले, १६९७ सालचे बांधकाम असल्याची नोंद आहे, तर अगरवेशीवर मराठीत लिहिले आहे की गोविंद अप्पाजींनी १८४३ साली किल्ला बांधला. दोन लेख, दोन दावे. थोरला गोंधळला. मधली मात्र अनुभवी. म्हणाली, "एकाच वहीवर दोघांनी नाव घातलं. आमच्यासारखं."

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघे हाच विचार करत होतो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटले आहे की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे. आमच्या घरची भाषा कोणती? धाकटा नानीशी "मेरेकू" म्हणतो, आमच्याशी "काऊन" म्हणतो आणि भूक लागली की दोन्ही एका वाक्यात. या मातीत इमादशाही झाली, निजामी झाली, कापसाचा बाजार भरला, आणि बोली एकमेकींत मिसळत राहिल्या. आम्ही ठरवले, नाव उर्दू शाळेत घालायचे, नानीसाठी आणि त्याच्यासाठीही. मराठी तिथे विषय म्हणून असेलच. शिवाय रोज संध्याकाळी अर्धा तास ती थोरल्याने शिकवायची.

थोरला हे काम फार मनावर घेतो. त्याने अंगणात फळा टांगला, हातात पट्टी घेतली आणि एकुलत्या एक विद्यार्थ्याची हजेरी घेतली. शाळेत उर्दूत "हाजिर" म्हणतात, मराठीत "उपस्थित" म्हणायचे, हे त्याने तीनदा बजावले. मग मोठ्या ऐटीत नाव पुकारले.

धाकट्याने फुटाणे चघळत उत्तर दिले, "आहो नं, बाप्पा!"